जात्याचा चतकोर

बसायच्या आधी ते थोडा चहा सांडायचे.

चुकून नाही, मुद्दाम. ग्लास हातात घेतला की पहिला थेंब बाकड्याच्या फळीवर सोडायचा आणि तो कुठे पळतो ते बघायचं. थेंब पळाला की म्हणायचे, "ओढ इकडं हाय." मग त्या अंगाला पाय रोवून बसायचे. बाकडं तेच, घाट तोच, उतार काही रोज बदलत नव्हता. मी म्हणायची, "दादा, कालपण तिकडंच होती की ओढ." त्यावर ते म्हणायचे, "काल होती गो बाय. आज हाय का बघायला नको?"

तुम्ही मुंबईकडून कोकणात उतरला असाल तर महाड, मग पोलादपूर, मग कशेडीचा घाट असेच गेला असाल. बोगदा व्हायच्या आधीचं सांगते. घाट चढायला लागलं की एक मोठं वळण लागायचं आणि वळणाच्या जरा वर, कठड्याला लागून, माझी चहा-भज्यांची हातगाडी. कदाचित माझ्याकडचा चहा तुम्ही प्यायलाही असाल. मग तो माणूसही तुम्ही पाहिला असेल. एक खांदा उतरलेला, डोक्याला पंचा, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, आणि काखेत दगड. पोर काखेत घ्यावं तसा.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन भजी बांधायच्या कागदांवर झालं. लिहायची सवय नाही, पण एक गोष्ट त्या माणसाला सांगायची होती आणि पंधरा-सोळा वर्षं ती माझ्या ओठांपर्यंत येऊन राहिली. आता सांगायला ते नाहीत. म्हणून तुम्हांला सांगते.

आमची ओळख दगडानेच झाली. नवरा गेल्यावर मी घाटात गाडी लावली, त्याचा पहिलाच दिवस. चाकांना दोन विटा लावल्या होत्या. स्टोव्ह पेटवला, तेल तापलं, आणि बघते तर कढईतली भजी सगळी एका काठाला चाललेली. गाडी बोट बोट सरकत होती. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी, ओरडावं तर लाज वाटते आणि सोडावं तर दरी. वरच्या पायवाटेने एक माणूस उतरला. घाई नाही, गडबड नाही. खांद्यावरचा दगड खालच्या चाकाला चिकटवला आणि म्हणाला, "वीट कशाला लावतेस? वीट गुळगुळीत, रस्ता ओला. दोघं मिळून पळणारच."

मग मला म्हणाले, "दगड नि चाक, मधी बोट घाल. जातं का?"

"नाय जात."

"मग झालं. बोटभर जागा राहिली की गाडी तेवढीच पळते, पण पळते. उभी हाय तोवर मूठभर दगड पुरतो गो बाय. एकदा हलली की डोंगर लावलास तरी पुरत नाय."

हे त्यांचं वाक्य. माझ्या अंदाजाने मी ते हजार वेळा ऐकलं असेल. ट्रकवाल्यांना सांगायचे, एसटीच्या ड्रायव्हरला सांगायचे, गरम झालेली मोटार घेऊन उभ्या असलेल्या मुंबईच्या साहेबाला सांगायचे. साहेब म्हणायचा, हँडब्रेक आहे. दादा म्हणायचे, असूं दे की, आणि गुपचूप मागून दगड लावायचे.

जन्मभर ट्रकवर होते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. डोळा गेला तशी गाडी सुटली आणि ते वाडीत परत आले. वाडी वळणाच्या वर, पायवाटेने अर्धा तास. वरी-नाचणीचा एक तुकडा, बायको, आणि एकुलती मुलगी. गाडी सुटली, पण घाट काही सुटला नाही. प्रत्येक वळणावर कठड्यापाशी त्यांनी एकेक दगड नेऊन ठेवला. काळा, खरबरीत, तीन कोनांचा. त्याला ते पाचर म्हणायचे. चढावर कुणाची गाडी बसली तर दगड शोधायला क्लीनरला धावायला लागू नये म्हणून. वरून चुना फासायचे, दुरून दिसावा म्हणून.

ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. "लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, आमचे दादा चाकाखाली मारतात." दुसरा म्हणायचा, "आणि वर चुनापण लावतात." दादा हसायचे. म्हणायचे, "लावतो तर लावतो. फक्त दगड परत कठड्याला ठेवून जा रे बाबांनो."

खरी अडचण तिथंच होती. दगड लावायला सगळे उतरायचे, उचलायला कोणी थांबायचं नाही. तुम्ही म्हणाल, बेपर्वा लोक. मीही तसंच म्हणायची. दादांनी मला समजावलं. चढावर उभी गाडी सुटली की ड्रायव्हरला ती परत थांबवता येत नाही. थांबवली तर पुन्हा मागे ओढ. म्हणून ती रांगत पुढे जाते, क्लीनरला चालत्या गाडीत उडी मारायला लागते, आणि दगड रस्त्याच्या मधोमध राहतो. मागून येणाऱ्याला वळणामुळे दिसत नाही. "कुणाला शिव्या देऊ?" दादा म्हणायचे. "मीपण ड्रायव्हर होतो. मीपण टाकून आलोय कितीतरी दगड. मागं वळून कोण बघतं?"

म्हणून ते रोज फिरायचे. घाट वर, घाट खाली. टाकलेला दगड उचलायचा, कठड्याला लावायचा. आणि घरी काही काम निघालं की माझ्याकडे यायचे.

"तुझ्या गाडीवरनं वळण सगळं दिसतं गो. तू माझी चौकी. मी नसलो तर बघ. दगड दिसला तर उचल, नायतर गिऱ्हाइकाला उठव. चहा पिऊन हात काय कामाचे."

मी म्हणायची, "जा तुम्ही. बघते मी." आणि बघायचीही. कितीदा तळणीवरचा झारा ठेवून गेले असेन. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. पण खरं आहे तेवढं सांगते.

मोठ्या वळणावरची पाचर बाकीच्यांहून वेगळी होती. ती जात्याची होती.

मुलीच्या लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळली. वरातीनंतर आठवडाभरात जातं दळता दळता फुटलं. फुटकं जातं घरात ठेवू नये म्हणतात. त्यांची बायको, मी तिला वहिनी म्हणायची, ती मागे लागली, "आधी ते बाहेर काढा. सवाष्णीच्या हळदीचं जातं, फुटकं नको घरात." दादांनी मोठा तुकडा उन्हात नेऊन ठोकला आणि त्यातून भाकरीचा मोडावा तसा चतकोर काढला. एका टोकाला खुंटा बसवायच्या भोकाचा अर्धा गोल राहिला होता. आतल्या अंगाला टाकीचे घाव. माझ्याकडे दाखवायला आणला तेव्हा केवढे खूश होते.

"हात फिरव. पोलिसपाटलाच्या गालासारखा लागतो का नाय? रस्त्याला असा चावून बसंल, कंटेनर हलायचा नाय."

मी म्हटलं, "वहिनीला विचारलंत का? घरचं जातं रस्त्यात टाकताय."

"रस्त्यात कुठं? कामाला लावतोय. पोर दासगावला सासरी कामाला लागली, जातं हितं."

त्याला आम्ही चतकोरच म्हणायचो. दादांना सगळ्या दगडांत तो लाडका.

एकदा महाडच्या कॉलेजातले एक मास्तर मोटार गरम झाली म्हणून माझ्याकडे थांबले. दादांनी सवयीप्रमाणे त्यांच्या चाकाला पाचर लावली. मास्तरांना गंमत वाटली. त्यांनी पाण्यात बोट बुडवून माझ्या फळीवर उतार काढला, त्यावर चौकोन काढला आणि तीन बाण काढले. म्हणाले, "हे वजन, सरळ खाली. हा रस्त्याचा टेका, रस्त्याला काटकोनात. आणि हे घर्षण, चढाच्या दिशेला, गाडीला धरून ठेवणारं."

दादांनी नीट वाकून बघितलं. "नि ओढ कुठं दाखवलीत?"

"ती वजनातच आहे. वजनाचे दोन भाग करायचे. एक भाग रस्त्याला दाबतो, दुसरा खाली ओढतो."

"म्हणजे तेच वजन दाबून धरतंय नि तेच पळवतंय."

"बरोबर."

"आमच्या वाडीतल्या सासवा," दादा म्हणाले. मास्तर इतके हसले की बाण पुसले गेले.

मग दादांनी त्यांना विचारलं, की ड्रायव्हर लोक म्हणतात, रिकाम्या गाडीला दगड नको, हलकी असते. खरं काय? मास्तर म्हणाले, "उताराला तसा फरक पडत नाही. वजन वाढलं तर ओढ वाढते, पण पकडही तेवढीच वाढते. एक सरकली तर दुसरीही सरकेल."

"बघ गो बाय," दादा माझ्याकडे वळले, "मी कधीचा सांगतोय. भरलेली असो नायतर रिकामी. उताराला माया नाय."

निघताना मास्तर म्हणाले, "सगळ्या बलांची बेरीज शून्य, म्हणून गाडी उभी. एवढंच शास्त्र."

दादा चाकापाशी बसून पाचर काढत होते. मान वर न करता म्हणाले, "शून्य तुमच्या वहीत मास्तर. हितं सगळी ओढ जागच्या जागी हाय. चाकाखाली हात घालून बघा, शून्य लागतंय का."

हे मी पुढे फार वर्षं आठवत राहिले. तेव्हा नुसती हसले होते.

आता जे ओठांत राहिलं ते सांगते.

गौरी यायच्या आदल्या दिवसाची सकाळ. घाटात मुंबईच्या गाड्यांची रांग. माझ्या गाडीभोवती माणसंच माणसं, दोन्ही स्टोव्ह पेटलेले, दूध वर येत होतं. मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा गौरीला माहेरी येणार होती, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून. दादा पहाटेपासून वळणावर होते. दहाच्या सुमाराला माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "पातोळ्यांना हळदीची पानं काढून येतो. परसात तुझ्या वहिनीला वाकवत नाय. वळणाकडं बघ."

"जा तुम्ही. बघते मी."

ते वर गेले आणि थोड्या वेळाने एक लाद्यांचा ट्रक वळणावर बसला. क्लीनरने चतकोर लावला. ट्रक थंड झाला, सुटला, रांगत माझ्यापुढून वर गेला. चतकोर रस्त्यात राहिला.

मी तो बघितला. हे मला लिहायचं होतं. मी तो बघितला. पांढरा, उन्हात, रस्त्याच्या मधे, अर्ध्या भोकासकट. माझ्या मनात आलं, हे चार ग्लास भरते आणि उठते. एका बाईचं पोर रडत होतं, तिला दूध आधी हवं होतं. दूध ओतलं. मग कुणीतरी सुटे मागितले. मग मनात आलं, कुणातरी गिऱ्हाइकाला सांगावं. तोंडही उघडलं होतं मी.

आवाज फार मोठा नाही झाला. पातेलं पडावं एवढाच.

जावई वाचला. मुलगी मागे एका अंगाने बसलेली, मांडीवर फुलांची पिशवी. ती कठड्यावर आदळली. तिथेच संपलं. मी पोचले तेव्हा झेंडू सगळे उताराने खाली चाललेले, एकामागोमाग एक.

दादा पायवाटेने उतरले. हातात हळदीची पानं होती. त्यांनी आधी दगड बघितला, मग मुलगी बघितली, आणि मग जे केलं ते त्या दिवशी घाटात असलेल्या माणसांनी पुढे गावोगाव सांगितलं. ते मुलीकडे गेले नाहीत. आधी वाकले, चतकोर उचलला, कठड्याला नेऊन लावला. टेकवून, नीट. मग तिच्याकडे गेले.

"पोर मेली नि हा दगड सारखा करतोय," लोक म्हणाले. काळीज नाही म्हणाले. मी तिथे होते. खालून एसटी येत होती, पुन्हा मोटारसायकली होत्या. त्यांनी जे केलं ते मी पाव तासापूर्वी करायचं होतं.

वहिनी रडली नाही. तेराव्या दिवशी मी गेले तर ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "जातं घराबाहेर काढलं. तेच माझं घर दळून परत आलं." मग दादांकडे न बघता म्हणाली, "तो दगड सावित्रीच्या पात्रात नेऊन टाका." दादा म्हणाले, "टाकला." त्यानंतर चतकोर मी वळणावर बघितला नाही.

त्या दिवशी मी सांगायलाच गेले होते. पायरीवर बसून राहिले. माणसं येत होती, जात होती. कुणीतरी म्हणालं, "असा मेला कोण ड्रायव्हर होता, मागं बघायचं नाय का त्यानं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दोन-चार दिवसांनी दादा माझ्या गाडीपाशी आले. पोत्यात काहीतरी होतं. माझ्या खालच्या चाकाची पाचर ते दर वर्षी पावसाआधी बदलून द्यायचे, पण आता भाद्रपद सरत आला होता. मी म्हटलं, "आता कशाला दादा?"

"ओढ वाढली," एवढंच म्हणाले. बराच वेळ चाकापाशी उकिडवे बसून होते. दगड लावला, भोवती बारीक खडी ठोकली, वरून माती लिंपली. मी बघितलं नाही. त्या दिवसांत मला त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं. ती पाचर त्यांनी पुन्हा कधी बदलली नाही.

पांढरे दगड मात्र त्यांनी सगळ्या वळणांवरून काढून टाकले. काढले आणि तिसऱ्या दिवशी एक टेम्पो मागे येऊन कठड्याला थडकला, कारण लावायला दगड नव्हता. माणसं वाचली. दादा माझ्या बाकड्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "ठेवावा तर मारतो. काढावा तर मारतो." मग त्यांनी एकच मार्ग धरला. एक दगड स्वतःच्या काखेत. कुणाची गाडी बसली की हे धावत जाणार, स्वतः लावणार, गाडी सुटेपर्यंत चाकापाशी बसून राहणार आणि चाक हललं की स्वतः उचलणार. ऊन, पाऊस, ताप, काही असो. वहिनी गेली त्या वर्षीसुद्धा पंधरा दिवसांत परत वळणावर. ड्रायव्हर लोक भ्यायचे. "दादा, चाकाखाली जाल एक दिवस." दादा म्हणायचे, "जाईन की."

चहा रोज माझ्याकडेच. थेंब रोज सांडायचे. "ओढ इकडं हाय" रोज म्हणायचे. माझी चौकशी करायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे, सणाला वरीचे तांदूळ आणून द्यायचे. फक्त एक वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. "तुझ्या गाडीवरनं वळण सगळं दिसतं गो." ते कधीच नाही. तुम्ही कधी एखाद्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं बसलात आणि त्याने एक वाक्य बोलायचं सोडून दिलं, तर ते किती ऐकू येतं ते तुम्हांला कळेल.

मग बोगदा झाला. आधी लहान गाड्या गेल्या, मग ट्रक गेले, मग एसटीही त्यातून जायला लागल्या. चांगलं झालं, माणसं वाचली, मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण घाट एका महिन्यात मेला. दिवसाला दोन-तीन गाड्या, त्याही हौशी पोरांच्या, फोटो काढायला आलेल्या. रस्त्यावर शेवाळ धरलं. माकडं मधोमध बसायला लागली. मी एक पातेलं दूध घ्यायची ते अर्धा शेर घ्यायला लागले, आणि ते आम्ही दोघंच प्यायचो.

दादा तरी यायचे. काखेत दगड, डोळा रस्त्याकडे. गाडी येणार नव्हती हे त्यांना कळत होतं. एकदा मी म्हटलं, "दादा, आता घरी बसा की. कोण येतंय?" म्हणाले, "बसलो असतो. पण मग उभं कशानं राहायचं?" दुसऱ्याच्या गाड्या धरून धरून तो माणूस स्वतः उभा होता. गाड्या गेल्या आणि खालचा आधारच गेला. अन्न सुटलं. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटायला लागला. अख्ख्या दिवसात चार शब्द.

गेल्या पावसाळ्यात, एका दुपारी, आम्ही दोघंच होतो. धुकं इतकं की वळणसुद्धा दिसत नव्हतं, आणि कदाचित त्यामुळेच मला धीर आला. मी त्यांच्या हातात ग्लास दिला आणि म्हटलं, "दादा, त्या दिवशी ट्रक गेल्यावर मी..."

त्यांनी हात वर केला. मग रोजच्यासारखा थेंब सांडला. थेंब फळीवरून पळाला, काठाला थांबला, खाली पडला. ते बघत राहिले.

"बाय," ते म्हणाले, "उभी हाय ना?"

मला कळेना. "काय दादा?"

"उभी हाय तोवर राहूं दे उभी. हात लावू नको."

चहा संपवला, ग्लास स्वतः विसळून उपडा घातला आणि गेले.

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. वळण सगळं दिसतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी बोलले असते तर काय झालं असतं? त्यांना मला काहीतरी म्हणावं लागलं असतं, माफ केलं किंवा केलं नाही, आणि दोन्हींत काहीतरी हललं असतं. लोक म्हणतात, काळाने सगळं निवतं. काही निवलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी मला माफ केलं असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त हलू दिलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी गेले. तापाचं निमित्त झालं. वाडीत आता चार म्हातारी माणसं आणि मुंबईहून आलेले सहा-सात जण, तेवढ्यांनी खांदा दिला. पायवाट उतरून विसाव्याला थांबले ते माझ्या गाडीपाशी, दुसरी सपाट जागा घाटात नाही. तीही कुठे सपाट? तिरडी खाली ठेवली तशी ओल्या रस्त्यावर सरकायला लागली. मुंबईच्या एका पोराने पटकन कठड्याचा एक दगड ओढला आणि खालच्या टोकाला ठेवला.

"टेकवून लाव रे," मी म्हटलं. "मधी बोटभर जागा ठेवू नको."

त्याने टेकवून लावला. मी वाकून बोट घालून बघितलं. जात नव्हतं.

खांदेकऱ्यांनी बाजू बदलली, उचलली, पुढे गेले. दगड रस्त्यात राहिला. तो मी उचलला. त्या रस्त्यावर त्या दिवशी एकही गाडी येणार नव्हती.

मग मीही आवरायचं ठरवलं. माझा भाचा महाडला असतो, पन्नाशीचा आहे, टेम्पो घेऊन आला. पत्रे काढले, स्टोव्ह, कढई, बाकडं चढवलं. राहिला नुसता चाकांचा सांगाडा. भाचा खालच्या चाकापाशी बसला आणि पहारीने माती उकरायला लागला. म्हणाला, "मावशी, हा काय दगड घातलाय? जात्याचा दिसतोय."

मी जाऊन बघितलं. माती सुटली होती तिथे चुना तसाच होता, पावसाचं पाणी तिथवर कधी पोचलंच नव्हतं. टाकीचे घाव रस्त्याकडे. एका टोकाला अर्धं भोक. आणि दुसऱ्या टोकाचा टवका उडालेला.

पंधरा-सोळा वर्षं मी त्यावर उभी होते. त्यावर चहा उकळला, त्यावर भजी तळली, पोट भरलं. वहिनीला त्यांनी सांगितलं होतं, टाकला. नदीत नाही टाकला, माझ्या चाकाखाली आणून लावला. शिक्षा म्हणून लावला, की माझी गाडी पळू नये म्हणून, की घाटातला सगळ्यात घट्ट बसणारा दगड तोच होता एवढ्याच कारणाने, मला कळत नाही. विचारायला कोण आहे? आणि असते तरी त्यांनी हात वर केला असता.

"काढू का?" भाचा म्हणाला. "मी गाडी धरतो, तू उचल."

मी वाकले. एकदा उचलायचा होता तेव्हा उठले नव्हते, आता तरी उचलावा म्हणून दोन्ही हात घातले. गार होता. हलवला असता तर हललाही असता.

"राहूं दे," मी म्हटलं.

"अगो, मग सांगाडा कसा न्यायचा?"

"नको न्यायला."

भाच्याने पहार टेम्पोत टाकली. टेम्पोत बसताना मी एकदा मागे बघितलं. चार चाकं, वर काही नाही, खाली चतकोर, आणि पुढे अख्खं वळण, शेवाळलेलं.

आता महाडात भाच्याकडे असते. घर नवीन, फरशी पाण्याने पातळी बघून घातलेली. सकाळी चहा घेतला की पहिला थेंब सांडते. भाच्याची सून पुसायला फडकं घेऊन येते. थेंब कुठेच जात नाही. आहे तिथेच गोल होऊन बसतो, आणि पाय कुठल्या अंगाला रोवायचे ते मला समजत नाही.